विमान या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे?

साताऱ्याच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन, आणि एटीसीची (एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची) परीक्षा द्यायची म्हणते. वडिलांचं म्हणणं असं: ‘विमान पायलट उडवतो, निम्मं काम ऑटोपायलट करतो, बाकीचं रडारवर दिसतंच. मग हे कंट्रोलर लोक नेमकं करतात काय? आणि उद्या काही विपरीत घडलं तर मान कोणाची अडकते?’

काम एका वाक्यात सांगता येतं. दोन विमानांमध्ये ठरलेलं अंतर राखायचं आणि ते राखून वाहतूक होईल तितकी झटपट पुढे काढायची. मान कोणाची अडकते हा प्रश्न मात्र जास्त मोलाचा आहे, कारण आमचा सगळा कारभार ‘या क्षणी हे विमान कोणाच्या ताब्यात आहे’ याच हिशोबावर चालतो. मी स्वतः कंट्रोलर. माझी बरीचशी नोकरी मुंबईत टॉवर (धावपट्टी), ॲप्रोच (विमानतळाभोवतीचं आकाश) आणि एरिया (त्यापलीकडचं उंच आकाश) अशी फिरून झाली, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘एटीसीने विमान सुखरूप उतरवलं’ असं बातम्यांत छापून येतं. विमान उतरवतो तो पायलट. विमानाबाबतचा शेवटचा निर्णय कॅप्टनचा, हे आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ‘क्लिअर्ड टू लँड’ म्हणतो तेव्हा धावपट्टी तुझ्यासाठी मोकळी राखली आहे, एवढंच मी सांगत असतो. वारा ऐनवेळी आडवा झाला, पाऊस वाढून दिवे दिसेनासे झाले, तर कॅप्टन न उतरता वर निघून जातो आणि मी त्याला का म्हणून विचारत बसत नाही. उलट आणीबाणीचा प्रसंग सोडला तर माझ्या परवानगीवाचून त्याने धावपट्टीवर चाक टेकवायचं नाही. दोघांचे अधिकार असे वेगवेगळे आहेत आणि दोघांनाही ते पाठ असतात.

आमच्या वाट्याची कामं आयकाओच्या अकराव्या परिशिष्टात दिली आहेत: हवेत आणि जमिनीवर टक्कर होऊ न देणं, वाहतूक शिस्तीत आणि वेगाने चालू ठेवणं, उड्डाणाला लागणारी माहिती आणि सल्ला देणं, आणि एखादं विमान संकटात सापडलं किंवा गप्प झालं तर शोध-बचाव यंत्रणेला उठवणं. हे शेवटचं काम आम्ही करतो हे फारसं कुणाला ठाऊकच नसतं.

मुंबईहून दिल्लीला जाणारं विमान घ्या. पायलट पहिल्यांदा बोलतो क्लिअरन्स डिलिव्हरीशी. तिथे त्याला मार्ग, सुरुवातीची उंची आणि ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा, चार आकडी कोड मिळतो. टॅक्सीवेवर चालताना तो ग्राउंडच्या ताब्यात असतो. आमच्यातले जुने लोक त्याला अजून एसएमसीच (सरफेस मूव्हमेंट कंट्रोल) म्हणतात. धावपट्टीच्या तोंडाशी आला की टॉवर. चाकं सुटली की थोड्याच वेळात ॲप्रोच, उंची गाठत गेला की एरिया, पुढे हद्द संपली की दिल्लीची एरिया, आणि मग हाच क्रम उलटा. दर टप्प्याला फ्रिक्वेन्सी बदलते आणि आवाजही बदलतो. पाचशे रुपयांचं तिकीट असो की पाच लाखांचं, तुमच्या एका प्रवासात असे आठ-दहा लोक तरी येऊन जातात.

यातही कोण कुठल्या खात्याचा, हे सगळीकडे सारखं नाही. मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते, पण टॉवरमध्ये बसणारा माणूस भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. पुण्याला लोहगावचा तळ हवाई दलाचा, म्हणून तिथे तुमच्या पायलटशी बोलतो तो हवाई दलाचा कंट्रोलर. गोव्यात दाबोळीला नौदल आहे आणि मोपाला पुन्हा प्राधिकरण. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल). प्रवाशाला यातलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. नियमांचं पुस्तक बहुतांश एकच आहे.

आता टॉवर जरा जवळून बघू. मुंबईचा टॉवर ८३.८ मीटर उंच आहे. वरून दोन धावपट्ट्या दिसतात, ०९/२७ आणि १४/३२ (प्रत्येकीच्या दोन टोकांचे हे क्रमांक), आणि त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे नावाला दोन असल्या तरी एका वेळी एकच वापरायची. डिसेंबर २०१८ मध्ये एकाच दिवसात या विमानतळाने १,००७ विमानांची ये-जा केली. मुख्य धावपट्टीवरून तासाला ४६ विमानं काढायची म्हणजे सरासरी ७८ सेकंदांना एक, कधी उतरणारं तर कधी उडणारं.

संध्याकाळची गर्दी आहे, मुख्य धावपट्टी २७ च्या टोकाकडून चालू आहे. घाटकोपरच्या बाजूने एक विमान येतंय, चार नॉटिकल मैलांवर. त्याचा वेग १४० नॉट, म्हणजे तासाला १४० नॉटिकल मैल, धरला तर तो पावणेदोन मिनिटांच्या आत धावपट्टीवर असणार. त्याच्या आधी उतरलेलं विमान अजून धावपट्टीवर वेग कमी करतंय. तिसरं एक होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीबाहेरच्या थांबायच्या रेषेवर, तयार होतं, त्याला मी ‘लाइन अप अँड वेट’ सांगून धावपट्टीवर घेतलं आहे. उतरलेल्याची शेपटी रेषेच्या बाहेर गेली का? हे स्क्रीनवर नाही, खिडकीतून बघायचं. ती बाहेर पडली की त्याच क्षणी थांबलेल्याला उडायची परवानगी. इंजिनं जोर धरायला काही सेकंद जातात, नंतरची धाव चाळीसेक सेकंदांची. मूळ नियम असा की मागून येणाऱ्याने धावपट्टीचा उंबरठा ओलांडायच्या आत पुढचं विमान पलीकडचं टोक पार करून गेलेलं किंवा वळलेलं असलं पाहिजे. काही विमानतळांवर ठरावीक अटींवर याहून थोडं कमी अंतर चालतं. पुढच्या पायलटने दहा सेकंद उशीर केला की गणित बिघडलं. मग मागच्याला ‘गो अराउंड’. तो नाक वर करतो, ठरलेल्या वाटेने जातो, ॲप्रोच त्याला पुन्हा रांगेत घेते.

आतल्या प्रवाशांना त्या क्षणी धडकी भरते. मी म्हणेन, गो अराउंड देताना ज्याला लाज वाटते त्याने टॉवरमध्ये बसू नये. लोकल सिग्नलला थांबते, विमानाला थांबता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी दुसरी वाट कायम उघडी ठेवावी लागते, आणि ती वापरायची वेळ आली तर बेधडक वापरावी.

जून २०२४ मध्ये मुंबईत एकाच धावपट्टीवर एक विमान उडत असताना मागे दुसरं उतरलं आणि त्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला. कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला करून चौकशी लावली गेली. मला तेव्हा कितीतरी जणांनी फोन करून विचारलं, चूक कोणाची? व्हिडिओ बघून ते ठरत नाही. कोणी कोणाला काय सांगितलं, कधी सांगितलं, समोरच्याने काय म्हटलं आणि प्रत्यक्षात काय केलं, हे टेप ऐकल्यावरच कळतं. रेडिओ आणि रडारचं रेकॉर्डिंग किमान ३० दिवस जपून ठेवायचा नियम आहे तो याचसाठी.

धावपट्टीवर टक्कर झाली तर काय होतं ते २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जगाने पाहिलं. तटरक्षक दलाचं छोटं विमान होल्डिंग पॉइंटपर्यंत यायला सांगितलेलं असताना थेट धावपट्टीवर जाऊन थांबलं आणि उतरणारं एअरबस ए-३५० त्याच्यावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले. त्या छोट्या विमानाला कंट्रोलरने ‘नंबर वन’ म्हटलं होतं, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला. धावपट्टीवर येण्याची परवानगी दिलेली नव्हती. आपल्याला आत जायला सांगितलंय, अशी त्याच्या कॅप्टनची समजूत झाली होती.

आमच्या कामाचा कठीण भाग इथे आहे. सूचना देणं सोपं. दिलेली सूचना समोरच्याच्या डोक्यात तशीच उतरली का, हे बघणं अवघड. म्हणून पायलटने उंची, दिशा, धावपट्टी, परवानगी हे सगळं परत म्हणून दाखवायचं, त्याला रीडबॅक म्हणतात, आणि मी ते नीट ऐकून चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. बोलण्यापेक्षा ऐकण्यातच आमची शक्ती जास्त खर्च होते. एका फ्रिक्वेन्सीवर दहा-बारा विमानं, पाच देशांचे उच्चार, मध्येच दोघे एकदम बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही. १९७७ मध्ये तेनेरीफला दोन जंबो धावपट्टीवर आदळून ५८३ माणसं गेली, तेव्हा नेमके असेच दोन संदेश एकमेकांवर पडले होते. त्या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, असा दंडक आला. बाकी वेळी आम्ही ‘डिपार्चर’ म्हणतो.

आणि रीडबॅक बरोबर आला म्हणून निश्चिंत व्हायचं का? आपल्या देशात याचं उत्तर १२ नोव्हेंबर १९९६ ला मिळालं. दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो १४,००० फुटांपर्यंत चढत होतं, समोरून येणाऱ्या कझाक इल्युशिनला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. मध्ये हजार फूट, म्हणजे नियमाप्रमाणे पुरेसं. कंट्रोलरने समोर विमान आहे हेही कळवलं होतं. पण इल्युशिन १५,००० च्या खाली आलं आणि चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ लोक गेले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. दिल्लीतल्या रडारवर तेव्हा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने चालत. कंट्रोलरने नियम पाळले होते. हातात त्याहून चांगलं साधन नव्हतं. त्यानंतर उंची दाखवणारं सेकंडरी रडार आलं, जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि विमानांत टक्करविरोधी यंत्र, टीसीएएस, सक्तीचं झालं.

या यंत्राने जबाबदारीचा एक नवा सांधा तयार केला. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली. ते आकाश झुरिचहून सांभाळलं जाई. त्या रात्री एकच कंट्रोलर दोन जागा बघत होता, यंत्रणेची देखभाल चालू होती. त्याने एका विमानाला खाली ये म्हटलं. त्याच विमानातलं टीसीएएस त्याला वर जा म्हणत होतं. पायलटने माणसाचं ऐकलं. दुसरं विमान आपल्या यंत्राचं ऐकून खाली येत होतं. ७१ जण गेले. आज नियमाबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही: टीसीएएसने आज्ञा दिली की पायलटने तीच पाळायची, मला ‘टीसीएएस आरए’ (आरए म्हणजे यंत्राची ती आज्ञा) एवढंच कळवायचं, आणि मी त्यावर एकही सूचना द्यायची नाही. विमान माझ्या परवानगीपासून हटलं त्या क्षणापासून त्याच्यापुरतं अंतर राखायची जबाबदारी माझ्यावरून उतरते आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ म्हणून तो परत ठरलेल्या वाटेवर आला की पुन्हा माझ्याकडे येते. स्क्रीनवर दोन ठिपके जवळ येताना बघत गप्प बसणं किती जड जातं, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही.

अंतराचे आकडेही सांगून टाकतो, कारण प्रत्येकाला ते हवे असतात. खाली-वर हजार फूट. भारतात २००३ च्या नोव्हेंबरपासून २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यातही हजारच, त्याआधी तिथे दोन हजार लागायचे. आडवं अंतर रडारवर साधारण पाच नॉटिकल मैल, विमानतळाजवळ तीन. मोठ्या विमानाच्या मागे हवेत भोवरे राहतात म्हणून वजनाप्रमाणे हे अंतर वाढतं. जंबोच्या मागे नेहमीचं एअरबस ए-३२० असेल तर पाच मैल.

डोंगराचं काय? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण महाराष्ट्राला तो लागू आहे. ७ जुलै १९६२ ला मुंबईकडे येणारं अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ विमान जुन्नरजवळ डोंगरावर आदळलं, ९४ जण गेले. आपण मुंबईच्या जवळ आलो, असं वैमानिकांना वाटलं आणि ते वेळेआधी खाली उतरत गेले. पायलट स्वतःच्या दिशादर्शनावर येत असेल तेव्हा जमिनीपासूनची उंची सांभाळणं त्याचं काम. पण मी त्याला रडारवरून दिशा देऊन त्याच्या वाटेवरून बाजूला काढलं, ‘टर्न लेफ्ट हेडिंग अमुक’ म्हटलं, की डोंगर माझ्या अंगावर. म्हणून ॲप्रोचच्या स्क्रीनवर प्रत्येक भागाची किमान उंची आखलेली असते. माथेरान आणि मागचा सह्याद्री पावसाळ्यात ढगाआड गेला तरी आमच्या नकाशावर तिथेच असतो.

आता गप्प झालेल्या विमानाविषयी. संपर्क व्हायला हवा त्या वेळी झाला नाही आणि अर्धा तास उलटला, की अनिश्चिततेचा टप्पा जाहीर करायचा. पुढे सावधानतेचा, मग संकटाचा. उतरायची परवानगी दिलेलं विमान ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांत उतरलं नाही आणि बोलतही नाही, तर थेट दुसरा टप्पा. यात घड्याळ बघत राहणं आणि फोन उचलणं, एवढंच असतं, पण ते कोणी करायचं हे ठरलेलं असावं लागतं. ८ मार्च २०१४ ला मलेशियाचं एमएच-३७० क्वालालंपूरहून हो चि मिन्हच्या ताब्यात जात होतं. १ वाजून १९ मिनिटांनी पायलटचा शेवटचा आवाज आला, दोन मिनिटांत रडारवरची खूण गेली. पलीकडच्यांनी पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं १ वाजून ३९ मिनिटांनी. संकटाचा टप्पा जाहीर व्हायला सकाळचे ६ वाजून ३२ मिनिटं झाली. विमान एकाने सोडलं होतं आणि दुसऱ्याने अजून धरलं नव्हतं. आमच्याकडे प्रशिक्षणात शिकवतात की पुढच्याने ‘आला’ म्हणेपर्यंत तू सोडलेलं नाहीस. मुंबईत बसणाऱ्याला हे जास्त जपावं लागतं, कारण मुंबईची हद्द अरबी समुद्रावर लांबवर जाते, मस्कत, सोमालिया, सेशेल्स, मालदीव यांच्या हद्दींना भिडते. तिथे रडार नाही. खरखरीतून ऐकावा लागणारा लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ किंवा उपग्रहावरून मजकुराचे संदेश, आणि अंतर मैलांत आणि मिनिटांत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणारी वाहतूकही याच बाजूने वळली.

‘फुल इमर्जन्सी घोषित’ ही बातमी वाचून घाबरू नका. एखाद्या विमानाने इंजिनात बिघाड किंवा हायड्रॉलिक्सची गळती कळवली, की आम्ही दोन गोष्टी आवर्जून विचारतो: विमानात माणसं किती आणि इंधन किती वेळाचं. पहिलं बचावासाठी लागतं, दुसऱ्यावरून त्याच्या हातात किती वेळ आहे ते कळतं. किरकोळ वाटलं तर ‘लोकल स्टँडबाय’, अपघाताचा धोका वाटला तर ‘फुल इमर्जन्सी’. मग विमानतळाचे बंब ठरलेल्या जागी येऊन उभे राहतात, बाहेरची अग्निशमन दलं आणि रुग्णालयं सज्ज होतात. बहुतेक वेळा विमान साधेपणाने उतरतं आणि बंब परत जातात. पायलट संकटात असताना त्याला फार प्रश्न विचारू नयेत, हा अलिखित शिष्टाचार आहे. वाट मोकळी करायची, तो मागेल ते द्यायचं आणि त्याला काम करू द्यायचं.

रेडिओच बंद पडला तर? पायलट कोड ७६०० लावतो, आम्हाला स्क्रीनवर कळतं. टॉवरमध्ये सिग्नल दिवा अजून असतो: स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घाल. नवी मुलं त्याला हसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेश फिरवणारी यंत्रणा बंद पडली, उड्डाणांचे आराखडे हाताने भरावे लागले आणि शेकडो विमानं उशिरा सुटली. हाताने काम करायची सवय मोडू देऊ नये असं मला वाटतं ते यामुळे.

विमान दारं बंद करून अर्धा तास उभं राहतं आणि घोषणा होते, ‘एटीसीची परवानगी मिळालेली नाही’. ऐकून माझा जीव जळतो. पलीकडच्या विमानतळाची क्षमता पावसाने किंवा धुक्याने घटली की आकाशात घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबवलेलं बरं, म्हणून प्रत्येक उड्डाणाला सुटायची वेळ नेमून दिली जाते. ती वेळ हुकवण्यात कधी एटीसीचा हात असतो, कधी सामान चढायला झालेल्या उशिराचा. घोषणेत मात्र एकच नाव येतं.

जबाबदारी हातातून हातात जाते ते सगळ्यात बारकाईने बघायचं असेल तर ड्युटी बदलताना बघा. सलग दोन तासांहून जास्त चॅनलवर बसवत नाहीत, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती. बदली यायची वेळ झाली की नवा माणूस येऊन लगेच खुर्ची मागत नाही. तो हेडसेट जोडतो आणि मागे उभा राहून काही मिनिटं नुसता ऐकतो. कोण कुठे आहे, कोणाला काय सांगून झालंय, हे त्याच्या डोक्यात भरू लागतं. मग बसलेला सांगतो: वारा असा, धावपट्टी ही, अमुक दिवा बंद आहे, हे विमान आजारी प्रवासी घेऊन येतंय, त्याला आधी घ्यायचंय, त्या दोघांमध्ये अंतर कमी होतंय, वेग कमी करायला सांगितलंय, लक्ष ठेव. नवा म्हणतो, ‘घेतलं’. लॉगमध्ये वेळ पडते, सही होते. चांगला कंट्रोलर त्यानंतरही उठून लगेच चहाला पळत नाही. मिनिटभर मागे थांबतो, कारण सांगायचं राहिलेलं नेमकं तेव्हा आठवतं. गर्दी शिगेला असताना अदलाबदल करू नये, असाही संकेत आहे, पण रोस्टरला ते नेहमी जमत नाही.

काही घडलंच तर मान कोणाची, याचं उत्तर आता देता येईल. गंभीर घटना झाली की त्या जागेवरच्या कंट्रोलरला तूर्त बाजूला करतात. ही शिक्षा नसते. तो हादरलेला असतो आणि टेप तपासायचे असतात. अपघात आणि गंभीर घटनांचा तपास एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास विभाग, करते; परवाना आणि कारवाई डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. त्या क्षणी विमान कोणाच्या फ्रिक्वेन्सीवर होतं, दिशा कोणी दिली होती, परत म्हणून दाखवलेलं बरोबर होतं का, माणसं पुरेशी होती का, यंत्र चालू होतं का, असं सगळं बाहेर येतं. एकट्या माणसावर खापर फोडून तपास थांबला तर पुढचा अपघात टळत नाही. झुरिचच्या प्रकरणात व्यवस्थापनातल्या लोकांनाही न्यायालयाने दोषी धरलं होतं.

तर साताऱ्याच्या मुलीसाठी. पद कनिष्ठ कार्यकारी, म्हणजे ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल. फिजिक्स-मॅथ्ससह बीएस्सी चालते, इंजिनीअरिंगवालेही येतात, वयाची मर्यादा खुल्या गटाला २७. संगणकावरची परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मादक पदार्थांची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. रंग ओळखता आले पाहिजेत, याकडे आधीच लक्ष द्या. फॉर्म भरण्यापूर्वी डोळे तपासून घेतले तर पुढचा मनस्ताप वाचेल. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्याच गोंदियाला होतं. तिथून बाहेर पडलं म्हणजे कंट्रोलर झालं असं नाही. नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी माणसाच्या शेजारी बसून कित्येक महिने काम करावं लागतं, आणि त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे एकट्याने काम करायचा दाखला, मिळेपर्यंत तिच्या प्रत्येक सूचनेची जबाबदारी शेजारच्याची असते. दुसऱ्या विमानतळावर बदली झाली की तिथलं रेटिंग नव्याने. इंग्रजीची आयकाओ पातळी चार लागते आणि ती पातळी असेल तर दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा.

रात्रपाळ्या असतील, दिवाळीला घरी नसेल, हे वडिलांनी आताच मनाशी धरून ठेवावं. आणि ती फोनवर एकाच वेळी तिघांशी बोलत असताना चौथ्याने मागून काय म्हटलं तेही तिला सांगता येत असेल, तर परीक्षेचा फॉर्म भरायला हरकत नाही.